सावलीची वही

जूनचा दुसरा आठवडा होता. शाळा सुरू होऊन जेमतेम दहा दिवस झाले होते, पावसाने दोन दिवस उघडीप दिली होती आणि आठवीची मुले पटांगणात रोवलेल्या काठीची सावली मोजण्यात गुंतली होती. तेवढ्यात एक मुलगी वर्गाच्या दारापर्यंत धावत आली आणि म्हणाली, "बाई, सावली उलटी पडूलालीय!" मी बाहेर जाऊन पाहिले, तर मध्यान्हीची सावली काठीच्या दक्षिणेला पडली होती. ती पुरती वीतभरही नव्हती. मुलांना मात्र आजवर हेच शिकवले गेले होते की भारत उत्तर गोलार्धात आहे, म्हणून दुपारी सूर्य दक्षिणेकडे असतो आणि सावली उत्तरेकडे पडते. हे वाक्य दिल्लीसाठी बाराही महिने खरे आहे, परंतु कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडील कोणत्याही गावासाठी ते वर्षभर खरे राहत नाही. आमच्या बेळगाव भागात साधारण ४ मेपासून ९ ऑगस्टपर्यंत मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. २१ जूनच्या सुमारास एक मीटर उंचीच्या काठीची सावली दक्षिणेकडे सुमारे १३ सेंटीमीटर पडते.

त्या मुलीला सावली "उलटी" वाटली, कारण तिच्या मनातले आकाश दुसऱ्या कुठल्या तरी गावाचे होते. खगोलशास्त्र शिकवताना मला सर्वांत मोठी अडचण हीच जाणवत आली आहे. मुलांना शनीची कडी ठाऊक असतात, कृष्णविवर हा शब्द ठाऊक असतो, अग्निबाणाच्या उड्डाणाचे चित्रण त्यांनी मोबाइलवर अनेकदा पाहिलेले असते. पण स्वतःच्या अंगणातून सूर्य कोठे उगवतो आणि तो वर्षभर तेथेच उगवतो की नाही, हे त्यांनी कधी पाहिलेले नसते. म्हणून गेली काही वर्षे मी अवकाशाचा पाठ चित्रांपासून सुरू न करता काठीपासून सुरू करते, आणि मुलांकडून एक वही ठेवून घेते. मुलेच तिला "सावलीची वही" म्हणतात.

काठी रोवण्याचे काम सोपे दिसते, पण ते तसे नाही. काठी जराही कलली, तर वर्षभराची मापे चुकतात. त्यामुळे पहिल्याच वर्षी एका विद्यार्थ्याच्या वडिलांकडून, जे गवंडीकाम करतात, ओळंबा मागून आणला आणि काठी दोन बाजूंनी तपासून घेतली. त्यानंतर काठीभोवती दोरीने वर्तुळ काढले. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला जेथे टेकले तेथे एक खूण केली, दुपारनंतर ते पुन्हा जेथे टेकले तेथे दुसरी. या दोन खुणांना जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम, आणि तिच्यावरचा लंब उत्तर-दक्षिण. ही आपल्याकडची फार जुनी रीत आहे. शंकू, म्हणजे उभी काठी, रोवून दिशा साधण्याचे हे तंत्र खगोलशास्त्राच्या जुन्या सिद्धांतग्रंथांत आलेले आहे आणि त्यासाठी होकायंत्राची गरज पडत नाही. आमच्या शाळेची इमारत दिशांना धरून बांधलेली नाही, ही गोष्ट मुलांना त्या दिवशी प्रथम कळली.

दुसरा धक्का घड्याळाचा बसला. सावली सर्वांत आखूड होते ती वेळ बारा वाजताची असणार, असे सर्वांनी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात ती साडेबाराच्या आसपास आली. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरवलेली आहे आणि बेळगाव ७४.५ अंशांवर आहे. आठ अंशांचा फरक, प्रत्येक अंशाला चार मिनिटे, म्हणजे बत्तीस मिनिटे. हे गणित मुलांनी भूगोलाच्या तासाला सोडवलेले होते, पण आपल्या गावाचा सूर्य घड्याळाच्या अर्धा तास मागे चालतो असा त्याचा अर्थ होतो, हे त्यांच्या मनात आले नव्हते. वही पुढे चालू राहिली तसा आणखी एक बारकावा निघाला: नोव्हेंबरच्या सुरुवातीला मध्यान्ह सव्वाबाराच्या सुमारास येतो आणि फेब्रुवारीच्या मध्यावर पाऊण वाजत आलेला असतो. पृथ्वीची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार असल्यामुळे आणि तिचा आस कललेला असल्यामुळे असे होते. याचे पूर्ण स्पष्टीकरण आठवीच्या वर्गाला पेलत नाही, आणि मी ते रेटतही नाही. मात्र फरक त्यांनी स्वतः मोजलेला असतो, त्यामुळे पुढे दहावीत कोणी ना कोणी तो प्रश्न घेऊन परत येतोच.

वर्षातून दोनदा आमच्याकडे काठीची सावली मध्यान्ही पूर्ण नाहीशी होते, त्या दिवसाला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. आमच्या दुर्दैवाने त्यातला पहिला दिवस मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे कर्नाटकातील शाळांच्या उन्हाळी सुट्टीत येतो, आणि दुसरा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, जेव्हा खानापूरकडच्या पावसात सूर्याचे दर्शनही दुर्मीळ असते. बरीच वर्षे मी हळहळत राहिले. मग लक्षात आले की सुट्टी ही येथे अडचण नसून सोयच आहे, कारण सुट्टीत आमची मुले एका गावात राहत नाहीत. कोणी आजोळी कोल्हापूरला जाते, कोणी मामाकडे गोव्यात, कोणाचा भाऊ पुण्याला कारखान्यात असतो, तर कोणाची मावशी बेंगळूरुला. सीमाभागातल्या घरांची सोयरीक अशी चहूकडे पसरलेली असते. मी मुलांना एवढेच सांगितले की ज्या गावी असाल तेथे सपाट जागी एक नळी उभी करा आणि सावली कोणत्या तारखेला नाहीशी होते ते कळवा. बेंगळूरुची तारीख २४ एप्रिलच्या सुमारास आली, आमची ३ मे, कोल्हापूरची ६ मे, पुण्याची १३ मे आणि मुंबईची १५ मे. जून महिन्यात या तारखा आम्ही नकाशावर लिहिल्या, तेव्हा सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडे गावागावांवरून सरकत गेलेला मुलांना बोटाने दाखवता आला. उत्तरायण हा शब्द त्यांनी पंचांगात आणि संक्रांतीच्या दिवशी ऐकलेला होता. तो येथे तारखांच्या रांगेतून समोर आला.

संक्रांतीचा उल्लेख आला म्हणून सांगते. वहीतली सर्वांत लांब मध्यान्ह-सावली दरवर्षी २१ किंवा २२ डिसेंबरला येते, १४ जानेवारीला नव्हे. यावरून वर्गात नेहमी वाद होतो आणि मी तो होऊ देते. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अतिशय सावकाश फिरतो, सुमारे ७२ वर्षांत एक अंश, आणि त्यामुळे ताऱ्यांना धरून मोजलेले मकर संक्रमण व सूर्याचे प्रत्यक्ष उत्तरेकडे वळणे यांत आता तीन आठवड्यांहून अधिक अंतर पडले आहे. घरी आजीला हे सांगताना तिळगुळाचा अनादर होणार नाही अशा रीतीने सांगा, एवढी सूचना मी मुलांना जरूर देते.

पुण्याच्या त्या भावामुळेच आम्हाला पृथ्वी मोजण्याची कल्पना सुचली. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात इरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इजिप्तमधील अलेक्झांड्रिया आणि सायीन या दोन गावांतील मध्यान्हीच्या उन्हाच्या कोनात सुमारे ७.२ अंशांचा, म्हणजे वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाचा फरक धरला, आणि दोन गावांमधील अंतराला पन्नासाने गुणून पृथ्वीचा परिघ काढला. बेळगाव आणि पुणे यांच्या रेखांशांत फारसे अंतर नाही, त्यामुळे दोन्हीकडे मध्यान्ह तीन मिनिटांच्या फरकाने होतो. २२ डिसेंबरला आमच्या पटांगणात एक मीटर काठीची सावली ८२ सेंटीमीटर भरली आणि पुण्याहून दूरध्वनीवर आकडा आला ९१. दहावीच्या मुलांनी कोष्टकावरून कोन काढले: ३९.३५ आणि ४२.३ अंश, फरक २.९५. दोन गावांमधील उत्तर-दक्षिण अंतर अक्षांशांवरून काढले असते तर उत्तरच प्रश्नात घालून ठेवल्यासारखे झाले असते, म्हणून ते नकाशावर पट्टी ठेवून मोजले. ते २९५ किलोमीटर निघाले. गणित केल्यावर पृथ्वीचा परिघ ३६ हजार किलोमीटर आला.

खरा आकडा सुमारे ४० हजार. मुलांचे चेहरे उतरले. एकाने तर आकडा जुळवून लिहू या असे हळूच सुचवलेही, कारण प्रयोगवहीत उत्तर बरोबर आले नाही तर गुण जातात हे त्याला इतक्या वर्षांच्या शालेय अनुभवाने शिकवले होते. मी त्या दिवशी दोन तास याच एका प्रश्नावर घालवले, आणि माझ्या सबंध नोकरीतले ते सर्वांत सार्थकी लागलेले दोन तास होते असे मला वाटते. सावलीची कड नेमकी कोठे संपते? ती धूसर असते, कारण सूर्य हा बिंदू नाही. आकाशात त्याची रुंदी सुमारे अर्धा अंश आहे. सावली मोजताना एका सेंटीमीटरची चूक झाली तर कोनात किती फरक पडतो? मुलांनी काढून पाहिले: जवळजवळ एक तृतीयांश अंश. आणि तेवढ्याने परिघ किती बदलतो? चार हजार किलोमीटरांहून अधिक. म्हणजे आमची सगळी चूक एका सेंटीमीटरच्या पोटात मावत होती. पुण्याच्या भावाला विचारले, तेव्हा त्याने प्रामाणिकपणे सांगितले की काठी नजरेनेच सरळ केली होती, ओळंबा नव्हता. वहीत ३६ हजार हाच आकडा राहिला आणि त्याच्याखाली त्या चुकीचा हिशेब लिहिला गेला.

ही वही आम्ही एकदा एका विज्ञान प्रदर्शनात नेली होती. शेजारी थर्माकोलची रंगवलेली सूर्यमाला होती, तिचे ग्रह विजेवर फिरत होते. परीक्षकांनी वही उघडली नाही. प्रतिकृती आकर्षक हवी, असे मात्र सांगितले. त्या सूर्यमालेत पृथ्वी सूर्याच्या निम्म्या आकाराची होती आणि दोघांत हातभर अंतर होते. मला बक्षिसाचे दुःख नव्हते, परंतु तेथून परतणाऱ्या शेकडो मुलांच्या मनात अवकाशाचे जे चित्र बसले ते पुसणे किती कठीण आहे, याची खंत मात्र अजून आहे. परत आल्यावर आम्ही खानापूरच्या कुंभाराकडचे चौदा सेंटीमीटर रुंदीचे एक गाडगे पटांगणाच्या टोकाला ठेवले आणि त्याला सूर्य मानले. या मापाने पृथ्वी मोहरीच्या लहान दाण्याएवढी होते आणि ती पंधरा मीटरांवर ठेवावी लागते; चंद्र म्हणजे तिच्यापासून चार सेंटीमीटरांवरचा रव्याचा कण; गुरू ही ७८ मीटरांवरची गोटी. नेपच्यून साडेचारशे मीटरांवर, म्हणजे गावाबाहेर गेला. आणि सूर्याचा शेजारी, मित्र (अल्फा सेंटॉरी) नावाचा तारा, हे दुसरे गाडगे कोठे ठेवायचे? चार हजार किलोमीटरांपेक्षाही दूर. बेळगावपासून श्रीनगर सरळ रेषेत सुमारे दोन हजार किलोमीटर आहे, त्याच्या दुप्पट. मधल्या सगळ्या जागेत जवळजवळ काहीही नाही, हे ऐकल्यावर वर्ग बराच वेळ गप्प बसला होता.

आमच्या आवारात दोन शाळा आहेत, एक मराठी माध्यमाची आणि एक कन्नड माध्यमाची, आणि पटांगण एकच असल्यामुळे काठीही एकच आहे. शब्दांची गंमत येथे रोज घडते. आम्ही ताऱ्याला तारा म्हणतो आणि नक्षत्र हा शब्द चंद्राच्या मार्गावरील सत्तावीस विभागांसाठी राखतो. कन्नडमध्ये नक्षत्र म्हणजे साधा तारा, आणि तारकासमूहाला नक्षत्रपुंज म्हणतात. दोन वर्गांची मुले एकत्र आकाश पाहतात तेव्हा "ते नक्षत्र बघ" या वाक्याचे दोन अर्थ होतात. सुरुवातीला मला हा गोंधळ वाटे. आता मी फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी लिहून प्रश्न विचारते की सूर्याला नक्षत्र म्हणावे का. कन्नड माध्यमाची मुले चटकन हो म्हणतात, आमची अडखळतात, आणि सूर्य हा एक ताराच आहे ही गोष्ट शेजारच्या भाषेने आधी सांगून टाकलेली असते.

पावसाच्या नक्षत्रांच्या बाबतीत मात्र दोन्ही भाषांची नावे जवळजवळ एकच आहेत. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य हा क्रम येथील प्रत्येक शेतकरी घरात पाठ असतो. आमच्याकडे भाताचे तरवे टाकण्याचा विचार त्यावरच होतो. "पडतील स्वाती तर पिकतील मोती" हे मुलांनी आजोबांकडून ऐकलेले असते. पण मृग नक्षत्र आकाशात कधी दिसते असे विचारले की सगळा वर्ग एकमुखाने "जूनमध्ये" असे उत्तर देतो. मृग लागतो, म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो, ७ किंवा ८ जूनच्या सुमारास. आणि सूर्य ज्या ताऱ्यांमध्ये असतो ते तारे त्या दिवसांत दिवसाच आकाशात असतात, रात्री नव्हे. सूर्य रोज साधारण एक अंश सरकतो, एका नक्षत्राचा विस्तार १३ अंश २० कला, म्हणून तेरा-चौदा दिवसांनी पावसाचे नक्षत्र बदलते. ज्याच्या नावाने पेरणीची गडबड उडते ते मृग नक्षत्र पाहायचे असेल, तर डिसेंबरात रात्री नऊला पूर्वेकडे पाहावे लागते: चार कोपऱ्यांचे चार तारे, पोटात शिरलेला तीन ताऱ्यांचा बाण, आणि त्या बाणाची रेघ एका बाजूला वाढवली की व्याध, दुसऱ्या बाजूला रोहिणी. एका विद्यार्थ्याने आपल्या आजीला अंगणात आणून हे दाखवले. सत्तरीच्या त्या बाईंनी आयुष्यभर मिरगाचा पाऊस मोजला होता. तारे त्यांनी त्या रात्री पहिल्यांदा नावानिशी पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी मला निरोप पाठवला की उरलेली नक्षत्रेही दाखवायला या.

ध्रुवतारा आमच्याकडून क्षितिजापासून सुमारे सोळा अंशांवर, म्हणजे हात लांब केल्यावर दीड मुठीच्या उंचीवर असतो; झाडांच्या मागे तो सहज दडतो आणि म्हणून मुलांना सापडत नाही. त्याची भरपाई दक्षिण करते. फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास अगस्त्य हा तेजस्वी तारा दोन मुठींच्या वर झळकतो, आणि मेच्या सुरुवातीला दहाच्या आसपास त्रिशंकू हा तारकासमूह दक्षिण क्षितिजावर उभा दिसतो. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला जेथे अजून रस्त्यावर दिवे कमी आहेत, तेथे आकाशगंगेचा पट्टाही दिसतो; बेळगाव शहरातल्या मुलांना तो पाहण्यासाठी तेथवर न्यावे लागते.

ग्रहणाबद्दल मला वैयक्तिक सल आहे. १६ फेब्रुवारी १९८० ला हुबळीच्या परिसरातून खग्रास सूर्यग्रहणाची सावली गेली. आमच्या गावापासून ती जागा शंभरेक किलोमीटरांवर. मी सात वर्षांची होते. दारे-खिडक्या लावून, पाण्यात तुळशीची पाने टाकून आम्हाला माजघरात बसवून ठेवले होते आणि भर दुपारी फटीतून येणारा उजेड तांबूस होत गेलेला मला अजून आठवतो. घरच्यांनी ते काळजीपोटी केले, त्यांना दोष देत नाही. पण २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी आमच्याकडे सूर्याचा मोठा भाग झाकला गेला, तेव्हा मी एकाही मुलाला आत बसू दिले नाही. सूर्याकडे कोणीही थेट पाहिले नाही. आम्ही सगळे आवारातल्या झाडाखाली जमिनीकडे पाहत उभे होतो, जेथे पानांमधल्या प्रत्येक फटीने एकेक चंद्रकोरीसारखा सूर्य उमटवला होता. एका मुलाने चाळण आणली आणि त्याच्या शर्टावर शेकडो कोरी पडल्या.

२३ ऑगस्ट २०२३ ला सायंकाळी चांद्रयान-३ उतरले, तेव्हा शाळा सुटून गेलेली असूनही दोन्ही माध्यमांची मुले एका वर्गात जमली होती. टाळ्या झाल्या, पेढे झाले, आणि दुसऱ्या दिवशी मी प्रश्न टाकला की उतरण्यासाठी हीच तारीख का निवडली असेल. उत्तर काठीतून मिळाले. यान आणि त्यातली बग्गी (रोव्हर) दोन्ही सूर्याच्या उजेडावर चालणारी, चंद्रावरचा दिवस आपल्या सुमारे चौदा दिवसांचा, म्हणून तेथील सकाळ होताच उतरायचे, म्हणजे पूर्ण दिवस कामाला मिळतो. मग मुलांनी स्वतःहून पुढचे गणित केले: यान उतरले ते चंद्राच्या सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर, चंद्राचा आस फारसा कललेला नाही, तेव्हा तेथे मध्यान्हीचा सूर्य नव्वदातून एकोणसत्तर वजा केल्यावर राहील तेवढा, एकवीस अंशच वर येणार. आमची एक मीटरची काठी तेथे रोवली तर भर दुपारी तिची सावली २.६ मीटर लांब पडेल. हा आकडा वहीच्या शेवटच्या रकान्यात "चंद्र" या नावाखाली, दोन्ही लिप्यांत लिहिलेला आहे.

गेल्या २२ डिसेंबरला आम्ही पुण्याबरोबर पुन्हा माप घेतले. या वेळी भावाने ओळंबा वापरला. आमची सावली ८२, त्याची ९०, आणि परिघ आला सुमारे ४० हजार ३०० किलोमीटर. मुलांनी जल्लोष केला. मागे बसलेल्या एका मुलीने मात्र हात वर केला आणि विचारले, "बाई, बरोबर उत्तर यायला किती यायला पाहिजे ते त्या दादाला आधीच ठाऊक होतं ना? मग कड धूसर असताना त्यानं नव्वदच वाचलं असेल तर?" मी भावाला दूरध्वनी केला. तो थोडा थांबला आणि म्हणाला की कड एकोणनव्वद आणि एक्याण्णव यांच्या मध्ये कोठेतरी होती. पुढच्या डिसेंबरात पुण्यातली सावली अशा माणसाने मोजायची ठरली आहे, ज्याला आम्ही हे कशासाठी मोजतो आहोत ते सांगितलेले नसेल, आणि त्याने आकडा कागदावर लिहून पाकिटात बंद करून पाठवायचा आहे.